दोन देश, एक झाकण

वाटण्या रविवारी सकाळी करायचं ठरलं आणि त्यासाठी जेवणाचं टेबल मोकळं करण्यात आलं. त्या घरात महत्त्वाची एकही गोष्ट दुसरीकडे कुठे झालेली नव्हती. दादाचं लग्न या टेबलावर ठरलं, भाऊने कॉलेज सोडल्याचं याच टेबलावर फुटलं, आणि आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदा पोटभर जेवले तेही इथेच बसून. आता आजोबांनी उभी केलेली आणि बाबांनी वाढवलेली आयातीची पेढी याच टेबलावर मधोमध कापायची होती. निदान दादाचा आणि वहिनींचा तसा बेत होता.

टेबलाच्या टोकाला बाबा आपल्या खुर्चीत बसले होते. डोळे मिटलेले, चष्मा हातात. ते झोपलेत असं समजून आजवर ज्यांनी ज्यांनी काही बोलून टाकलं होतं ते सगळे पुढे पस्तावले होते, त्यामुळे आज जो तो जपून बोलत होता.

टेबलावर दोन लाकडी खोकी शेजारी शेजारी ठेवली होती. नव्या मालाचं पहिलं खोकं घरी, सगळ्यांसमोर फोडायचं, ही आजोबांच्या वेळची रीत. आज त्या रीतीला वेगळाच अर्थ आला होता. निळ्या अक्षरांचं खोकं दादाचं, त्यात पाण्याचा पंप. लाल शिक्क्याचं भाऊचं, त्यात दवाखान्यांना आणि प्रयोगशाळांना लागणारी काचेची भांडी. बाबांनी आपल्या हाताने दोन्ही फोडायची आणि दोन मुलांच्या दोन नव्या पेढ्यांचा शुभारंभ करायचा, असं वहिनींनी ठरवलं होतं. वहिनींनी ठरवलेल्या गोष्टीत खोट काढणं सोपं नसे.

किल्ली खोक्यांपाशी उभी होती. तिचं खरं नाव आता बँकेखेरीज कुणी उच्चारत नसे. दोन भावांच्या पाठीवरची ही बहीण कळती झाल्यापासून गोदामाच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडत आली होती, आणि पुढे कमरेची किल्ली नावालाच चिकटली.

किल्ल्या तिच्या हाती येण्याचंही असं झालं होतं. मुलगे मोठे झाले तेव्हा बाबांनी त्यांना पैसे दिले नाहीत, देश वाटून दिले. पंप जिथून येत तो वरचा थंड देश दादाला आणि काच जिथून येई ती बेटं भाऊला. दोघांनी तिथली भाषा शिकायची, वर्षाकाठी जाऊन यायचं, तिथल्या माणसांची लग्नंकार्यं आणि आजारपणं पाठ ठेवायची. मुलांनी हे इतकं मनावर घेतलं की दादा बिनदुधाचा चहा प्यायला लागला आणि कुणी पाच मिनिटं उशिरा आलं तर त्याच्या कपाळावर आठी पडे. भाऊ तर ‘नाही’ म्हणण्याआधी इतकी मान लववी की समोरच्याला वाटे काम झालं. किल्लीच्या वाट्याला काही आलं नाही. ती तेव्हा लहान होती, आणि देश संपले होते.

“तोवर हे सांभाळ,” म्हणून बाबांनी तिच्या हाती गोदामाच्या किल्ल्या दिल्या. तो ‘तोवर’ अजून चालू होता आणि किल्लीचे केस आता कानांपाशी पांढरे व्हायला लागले होते.

देश वाटताना बाबांनी एक नियमही घालून दिला होता. एकाने दुसऱ्याच्या देशात नाक खुपसायचं नाही. घरात भांडणं नकोत म्हणून केलेला तो नियम इतका कसोशीने पाळला गेला की भाऊला पंपातलं ओ की ठो कळत नसे, आणि काचेचा विषय निघाला की दादा वर्तमानपत्र उघडे.

“तर,” दादा घड्याळाकडे बघत म्हणाला, “साधी गोष्ट आहे. पंप माझे, काच याची. ज्याचा देश त्याचा धंदा. नाव दोघांनी वापरायचं की नाही ते बाबा सांगतील.”

“नाव मला नको,” भाऊ म्हणाला. “मी माझी पाटी नवी करणार.”

किल्लीने त्याच्याकडे पाहिलं. मागच्या रविवारी हाच भाऊ गोदामात येऊन, एका पेटीवर बसून, ‘आपण दोघं मिळून दादाला अडवू’ असं म्हणाला होता. आठवड्यात, आता टेबलावर पडलेलं ते पाटीचं नमुनाचित्र दाखवून वहिनींनी त्याला खिशात घातलेलं दिसत होतं.

“पाटी छान झाली असेल,” ती म्हणाली.

भाऊने मान लववली. म्हणजे त्याला लाज वाटली होती.

“आणि गोदाम?” किल्लीने विचारलं.

प्रश्न कुणीतरी विचारणार हे सगळ्यांना माहीत होतं, तरी क्षणभर जो तो चहात साखर ढवळायला लागला. दादाच्या चहात तर साखरही नव्हती.

“गोदाम विकायचं,” वहिनी म्हणाल्या. वाईट गोष्ट सांगायची वेळ आली की घरात ती वहिनींवर यायची, आणि त्या कधी मागे सरत नसत. “एवढी मोठी जागा एकेकट्याला कशाला? दोघंही बंदराजवळ छोटी जागा भाड्याने घेतील. तुझं आम्ही बघू, किल्ली. तुला काही कमी पडू देणार नाही.”

“मला कमी काय पडणार, वहिनी? मी काय पाहुणी आहे?”

“तसं नाही म्हणाले मी.”

“तसंच म्हणालात. पण राहू दे.”

किल्लीला राग आला होता आणि दुःखही झालं होतं, आणि दोन्ही गोष्टी तिने गिळल्या, कारण ती आज भांडायला आलीच नव्हती. गोदाम गेलं तर आपलं काय उरेल हे तिला स्वच्छ दिसत होतं: एक खोली, महिन्याच्या महिन्याला येणारी भावांची मेहेरबानी, आणि सणासुदीला ‘आत्याला बोलवा रे’. त्या भीतीने ती कितीतरी दिवस कुशी बदलत पडली होती. पण शुक्रवारी ही दोन खोकी बंदरावरून आली, तिने ती गोदामाच्या दारातच हात लावून पाहिली, आणि तेव्हापासून तिला गाढ झोप लागत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “आज खोकी मी फोडू का?”

बाबांनी डोळे न उघडता हात हलवला. फोड.

“अगं, त्यांच्या हातून—” वहिनी म्हणाल्या.

“ते हो म्हणालेत,” किल्ली म्हणाली आणि तिने पिशवीतून आखूड पहार काढली.

तिने आधी दादाच्या खोक्याचं झाकण उचकटलं. आत कागदाच्या चुऱ्यात हिरवा पंप बसला होता, कपाळावर वरच्या देशातल्या कारखान्याची पितळी पट्टी. दादाने अभिमानाने ती बोटाने पुसली. मग तिने भाऊचं खोकं उघडलं. काचेच्या गोल बुडाच्या बाटल्या खिडकीतल्या उजेडात चमकल्या आणि भाऊचा चेहराही तसाच झाला. पोरं म्हातारी होत आली तरी आपापलं खेळणं बघून खूश होतात, असं किल्लीच्या मनात आलं, आणि तिला दोघांची दया आली.

मग तिने दादाचं झाकण उचललं आणि भाऊच्या खोक्यावर ठेवलं.

ते चपखल बसलं. कडेला कडा, कोपऱ्याला कोपरा. तिने लाल शिक्क्याचं झाकण घेतलं आणि पंपाच्या खोक्यावर ठेवलं. तेही बसलं.

“हे काय चाललंय?” दादाने विचारलं.

“वरच्या देशातलं झाकण बेटांवरच्या खोक्याला बसलं.”

“खोकी खोक्यांसारखीच असतात.”

“नसतात, दादा. खोकी मी बघते, तुम्ही नाही. तुम्ही दोघं माल आतून बघता, मी बाहेरून. आपल्या गोदामातल्या मांडण्या आपण या खोक्यांच्या फळ्यांच्या करतो की नाही? पूर्वी तुझ्या फळ्या जाड यायच्या, याच्या बारीक. सुतार दिवसभर करवत चालवायचा. हल्ली त्याला करवत काढावीच लागत नाही. तो खूश होता, मीही खूश होते. दोन समुद्रांपलीकडचे दोन सुतार एकाच मापाने का कापायला लागले, हे विचारायचं मात्र मला फार उशिरा सुचलं.”

बाबांचे डोळे अजून मिटलेले होते, पण हातातला चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला होता.

“आणि हे बघ.” तिने झाकण उलटं केलं आणि कडेवर बोट ठेवलं. “प्रत्येक खिळ्याशेजारी एक रिकामं भोक आहे. नव्या खोक्याला जुनी भोकं कुठून आली? हे एकदा बंद झालं, मग कुणीतरी उघडलं, आणि पुन्हा खिळे ठोकले. तुझं आणि याचंही. दोन्ही माल आधी तिसऱ्याच ठिकाणी भरलेत. मग तुझा वरच्या देशात गेला, तिथे त्याला पट्टी लागली. याचा बेटांवर गेला, तिथे त्याला शिक्का लागला. आणि मग आपल्याकडे आला.”

“नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा,” वहिनी पुटपुटल्या आणि लगेच नवऱ्याकडे बघून गप्प झाल्या.

“अशक्य,” दादा म्हणाला. “आजोबांपासूनचा संबंध आहे तो. मी त्यांच्या घरी राहिलोय. त्यांच्या मुलीला माझ्या मांडीवर खेळवलंय.”

“मग विचार की त्यांना. फोन तर तुझ्याकडेच आहे.”

दादा उठला. वरच्या देशाशी बोलायचं असलं की तो बसून बोलत नसे. खिडकीपाशी उभा राहून त्याने फोन लावला आणि सुरुवातीची ख्यालीखुशाली झाली. त्यात एकदा तो हसलासुद्धा. मग त्याने काहीतरी विचारलं. ती भाषा घरात दुसऱ्या कुणाला येत नव्हती, तरी उत्तर सगळ्यांना कळलं, कारण दादाची पाठ हळूहळू वाकत गेली.

तो परत येऊन बसला.

“मोठ्या देशात,” तो म्हणाला. “ओतकाम तिथे, जोडणी तिथे. यांच्याकडे नुसती तपासणी होते आणि पट्टी लागते. कितीतरी वर्षं झाली म्हणे.”

मोठा देश म्हणजे कुठला हे सांगायची गरज नव्हती. वर्तमानपत्रात आयातीची बातमी आली की पहिलं नाव त्याचंच असे. सगळं जग त्याच्याकडून घेत होतं. आपण नाही घेत, आपण जुन्या घरांकडून खात्रीचा माल घेतो, असं ही पेढी गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत आली होती.

“आणि हे त्यांनी तुला सांगितलं नाही?” वहिनींनी विचारलं.

“मी तेच म्हणालो.” दादाचा आवाज अगदी लहान झाला होता. “तर तो म्हणाला, तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

भाऊने खोकल्यासारखं केलं. किल्लीला तो खोकला ओळखीचा होता. लहानपणी फुलदाणी फोडल्यावर तो असाच खोकायचा.

“बोल,” ती म्हणाली.

“मागच्या खेपेला,” भाऊ म्हणाला, “मी बेटांवर गेलो तेव्हा भट्टीच्या धुराड्यातून धूर येत नव्हता. त्यांनी मला कारखाना दाखवायच्या ऐवजी जेवायला नेलं. फार चांगलं जेवण होतं. मला वाटलं, सुट्टी असेल.”

“आणि तू विचारलं नाहीस?”

“पाहुण्याने असं विचारणं तिकडे बरं दिसत नाही.”

किल्लीला हसू आलं. ते दाबायचा तिने प्रयत्न केला, पण वहिनींनाच आधी फुटलं, आणि मग दादा सोडून सगळे हसले. भाऊसुद्धा हसला, बिचारा.

हसण्यातून आधी बाहेर आल्या त्याही वहिनीच. त्यांनी टेबलावरची दोन्ही झाकणं जवळ ओढली, एकदा हे, एकदा ते असं निरखलं, आणि किल्लीला दिसलं की बाईंच्या डोक्यात चक्र फिरायला लागलंय. इतकी वर्षं ज्या डोक्याशी आपण झुंजलो ते आज आपल्या बाजूने चालणार, हे तिला त्या क्षणी कळलं.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. “म्हणजे उद्या यांची एक पेढी आणि भाऊजींची एक. दोघं एकाच दुकानात शिरणार, हे पुढच्या दाराने, ते मागच्या. दारात एकेक मध्यस्थ बसलेला. आणि दुकानदार दोघांना दोन भाव सांगणार?”

“दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ,” किल्ली म्हणाली. “आणि उद्या त्या मोठ्या देशातलं एक बंदर जरी आठवडाभर बंद पडलं तरी दोघांचीही दुकानं बंद. आपल्याला वाटत होतं आपले दोन पाय दोन देशांत घट्ट रोवलेत. आपण उभे होतो एका पायावर. ज्या देशात आपलं माणूस कधी गेलं नाही, तोच आपला सगळ्यात मोठा व्यापारी झालाय.”

“काखेत कळसा,” बाबा एकदम म्हणाले. सगळे दचकले. “पुढे बोल.”

पुढचं बोलायला किल्ली शुक्रवारपासून तयार होती. तिने पहार टेबलावर ठेवली आणि हात पुसले.

“पेढी फुटणार नाही,” ती म्हणाली. “मोठ्या देशातून घ्यायचंच तर सरळ घेऊ, एकत्र घेऊ. पंप आणि काच एकाच जहाजात, एकाच सौद्यात. त्यासाठी मोठं गोदाम लागेल, आणि ते आहे. पण सगळी अंडी एका टोपलीत नकोत. दादा, वरच्या देशात अजून कुणीतरी स्वतः पंप ओतत असेलच. तुला भाषा येते, माणसं माहीत आहेत. त्यांना शोध, थोडा माल त्यांच्याकडून घेऊ. महाग पडला तरी चालेल. भाऊ, बेटांवर एखादी भट्टी अजून पेटलेली असेल. जा, आणि या खेपेला जेवण्याआधी धुराडं बघ.”

“आणि मोठा देश?” दादाने विचारलं. “तिथे कोण जाणार? तिथली भाषा येते कुणाला?”

“मी जाणार.”

“तुला येते भाषा?”

“तुला तरी पहिल्या दिवशी कुठे येत होती? शिकेन. तोवर दुभाषा घेईन. कारखान्याआधी खोकी करणारा तो सुतार शोधणार आहे मी. ज्याची खोकी आपल्याकडे येतात त्याला माहीत असतं अजून कोण कोण काय भरतंय.”

“गोदामातून उठून एकदम परदेश!” दादा म्हणाला. त्याला टोचून बोलायचं होतं, पण जमलं नाही. आवाजात कौतुक आलंच. “आणि नियमाचं काय? प्रत्येकाने आपापल्या देशात—”

“नियम माझा होता,” बाबा म्हणाले. “तुम्ही भांडू नये म्हणून केला. तुम्ही भांडला नाहीत, बोललाही नाहीत. तो नियम आजपासून गेला.”

वहिनींनी हळूच पाटीचं नमुनाचित्र टेबलावरून उचललं, घडी घातली आणि साखरेच्या भांड्याखाली सरकवलं. भाऊने ते पाहिलं आणि मान लववली, पण या वेळी ‘नाही’ असं काही तो म्हणाला नाही.

बाबा टेबलाला धरून उठले. दादा हात द्यायला धावला, त्याला त्यांनी खुणेने बसवलं. मग त्यांनी आपली खुर्ची पाठीला धरून थोडी मागे ओढली आणि मुलांच्या लहानपणी रोज जेवताना विचारत त्याच आवाजात विचारलं,

“किल्ले, ही कुठून आली?”

तो घरातला जुना खेळ होता. जेवताना बाबा चमचा उचलायचे, दिवा दाखवायचे, कुणाच्या शर्टाचं बटण धरायचे: हे कुठून आलं? लोखंड कुठलं, कापूस कुठला, घडवलं कुणी, आणलं कुणी? ज्याला सांगता येणार नाही त्याने सगळ्यांची भांडी उचलायची. दोन्ही भाऊ या खेळात तरबेज होते. किल्ली सगळ्यात लहान म्हणून बहुतेकदा भांडी तीच उचलायची. आई गेल्यापासून तो खेळ कुणी खेळलं नव्हतं.

“लाकूड बाहेरचं,” किल्ली म्हणाली. “आजोबांनी मागवलेल्या पहिल्या मालाच्या खोक्यांचं. सुतार इथला. आपल्याच गोदामात बनली.”

“आणि बसणारी?”

“तीही गोदामातलीच.”

“बस मग.”

ती बसली. खुर्ची तिच्या अंदाजापेक्षा उंच होती. तिथून सगळ्यांचे चेहरे एकदम दिसत होते, आणि बाबांना घरातलं सगळं कसं कळतं याचा उलगडा तिला तेवढ्यावरून झाला. बाबा तिच्या जागेवर, खिडकीकडच्या बाकावर जाऊन टेकले आणि पाय पसरून म्हणाले की इथे ऊन बरं येतं, हे आधी कुणी सांगितलं नाही.

दादा एकटाच मान खाली घालून बसला होता. किल्लीला तो तसा बघवेना. देश तर तिला मिळाला होता. दादा गमवायचा नव्हता.

“दादा,” तिने हाक मारली. “तुझ्या हातातला कप कुठून आला?”

दादाने सवयीने कप उलटा केला. तळाला ठसठशीत निळा शिक्का होता, त्यावर देशाचं नाव होतं, आणि ते वाचायला त्याचं तोंड उघडलंही होतं. मग तो थांबला. त्याने कप सुलटा केला, टेबलावर ठेवला आणि बहिणीकडे पाहिलं.

“विचारावं लागेल,” तो म्हणाला.

आणि उठून, बाह्या दुमडून, तो सगळ्यांची भांडी उचलायला लागला.